घोटीतली भातगिरणी, चार सिझनचा अनुभव

सगळ्यात आधी सांगते, गिरणीचं नाव यात लिहिणार नाही. गिरणीच्या मालक काकांनीच सांगितलंय, ताई डिसेंबरात आधीच रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे असतात, आजून गर्दी नको. पण घोटीत येऊन कुणालाही विचारा की दोन कट्टे आणले तरी नीट भरडून कोण देतं, लोक तिकडेच पाठवतील. ज्यांची इगतपुरी तालुक्यात, अकोले तालुक्याच्या बाजूला, वैतरणेकडे भातशेती आहे, घरचा तांदूळ खायचाय किंवा माझ्यासारखा थोडा थोडा विकायचाय, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, पण चार वर्षांचं आहे सगळं.

बऱ्याच जणांना घोटी म्हणजे मुंबई-नाशिक हायवेवरचा टोलनाका एवढंच माहीत असतं. फास्टॅगचा आवाज झाला की गाडी पुढे. भंडारदऱ्याला किंवा कळसूबाईला जाणारे लोक इथून वळतात, चहा घेतात आणि निघतात. पण आमच्या सगळ्या डोंगरपट्ट्यातला भात उतरतो तो इथे. दक्षिणेला कळसूबाईची रांग, पश्चिमेला थळघाटाचे कडे, मध्ये हे पेठेचं गाव आणि पेठेला लागून राईस मिल. दिवाळी झाली की सगळीकडे एकच आवाज आणि एकच वास, नव्या भाताचा आणि तुसाचा. लहानपणी बाबांबरोबर बैलगाडीतून यायचे तेव्हापासून हा वास माझ्या डोक्यात बसलेला आहे. लग्न होऊन कल्याणला गेले, तिथे सोळा वर्षं काढली, आणि २०२१ मध्ये परत इकडे आलो. मिस्टर नाशिकला नोकरीला जाऊन-येऊन करतात, मी इथे एक गाळा घेतला भाड्याने आणि माहेरच्या बाजूच्या शेतकऱ्यांकडून भात घेऊन तांदूळ करून विकायला लागले. कल्याण, डोंबिवली, ठाणे, थोडे नाशिकचे, दोन-तीन पुण्याचे, सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवरची आणि तोंडी ओळखीची.

आता गिरणी इतकी महत्त्वाची का ते सांगते. पहिल्या सिझनला मी या गिरणीत गेलेच नव्हते. दुसरीकडे गेले होते, कुठे ते लिहीत नाही, मशीन एकदम नवीन, बाहेर मोठा बोर्ड, आत ऑफिसला काच. दादाच्या वावरातला इंद्रायणी, सात कट्टे, मी स्वतः टेम्पोत बसून नेला. त्यांनी सांगितलं संध्याकाळी या, गेले, पांढराशुभ्र तांदूळ भरून तयार. मी इतकी खूश झाले की उघडून बघितलासुद्धा नाही. पाच-पाच किलोच्या पिशव्या भरल्या आणि पाठवून दिल्या.

तिसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या एका मावशींचा फोन. म्हणाल्या, अगं हा इंद्रायणी नाहीये, शिजताना घरात वास आला नाही, आणि भात मोकळा मोकळा होतोय. मी म्हटलं असं कसं होईल, आमच्या वावरातला आहे. फोन ठेवला आणि उरलेला एक वाटी शिजवला. इंद्रायणी माहिती असणाऱ्याला सांगायला नको, झाकण काढलं की वास शेजारच्या घरात जातो आणि शितं बोटाला चिकटतात. यातलं काहीच नाही. कुणाचा तरी साधा तांदूळ माझ्या कट्ट्यांत आला होता आणि माझा कुणाच्या तरी दुकानात गेला होता. चुकून की मुद्दाम, आजही सांगता येणार नाही. विचारायला गेले तर म्हणाले, ताई भात तुम्हीच आणला, आम्ही काय शेतात लावतो का. चौदा लोकांचे पैसे परत केले. पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त याचं की लोकांनी माझ्या शब्दावर घेतलं होतं. त्या रात्री मी खूप रडले.

दादाला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, बाबा कुठं न्यायचे ते विसरलीस का तू?

तर ही ती बाबांची गिरणी. जुनं पत्र्याचं शेड, पुढे सिमेंटचा ओटा, दारात वडाचं झाड नाही की काही नाही, एक पाण्याचा माठ आणि बाकडं. मालक काका सत्तरीच्या आसपासचे, मुलगा मशीन बघतो, सून हिशोबाची वही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाव सांगितल्यावर काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, तू त्यांची पोर ना, बैलगाडीत तुसावर झोपायची ती. बस, तिथून पुढे ते मला ताई म्हणतात पण बोलतात पोरीशी बोलावं तसं.

आता मुद्द्याचं, काम कसं करतात. तुम्ही कट्टे उतरवले की लगेच मशीनला लावत नाहीत. काका येतात, कट्ट्याचं तोंड सोडतात आणि बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घालतात. वरचा भात कधी बघत नाहीत, वरचा सगळेच वाळलेला ठेवतात म्हणतात. खालून मूठभर काढतात, दोन्ही तळव्यांत घोळून घोळून चोळतात, फुंकर मारतात, तूस उडून जातं आणि तळहातावर दहा-पंधरा दाणे राहतात. ते उजेडाकडे धरून बघतात. मग एक दाणा दाढेखाली. कट्ट वाजला तर ठीक. नाही वाजला, दाणा नुसता दबला, तर कट्ट्याचं तोंड परत बांधून टाकतात. आता मुलाने मॉइश्चर मीटरपण आणलाय, पण काका आधी चावतात आणि मग मीटर लावायला सांगतात, आणि मी चार वर्षांत बघितलंय, दोघांचं उत्तर एकच येतं.

पहिल्याच खेपेला त्यांनी माझा भात परत पाठवला. नऊ कट्टे, ट्रॅक्टरचं भाडं दिलेलं, हमाली दिलेली. मीटरवर ओल १६ टक्क्यांच्या वर आली. म्हणाले, "आजून दोन उन्हं दाखव ताई, घाई करशील तर कण्याच घेऊन जाशील." मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. गिऱ्हाइकं वाट बघत होती. पण विचार करा, त्या माणसाने त्या दिवसाची भरडाई सोडून दिली. दुसऱ्या कुणी घेतला असता, भरडला असता, तुकडा पडला असता तर म्हणाला असता तुमचा भातच तसा.

भात ओला असला तर मशीनमध्ये चिरडतो आणि फार वाळला तरी तुटतो, साधारण १४ टक्क्यांच्या आसपास ओल असली की तांदूळ अख्खा निघतो, हे मला इथेच कळलं. आणि अजून एक गोष्ट, जी आमच्या गावात कुणीच लक्षात घेत नव्हतं. सोंगणी झाली की आमच्याकडे झोडून भात खळ्यावर पसरतात आणि रात्री तसाच उघडा ठेवतात, नोव्हेंबरात आकाश मोकळं असतं ना, पावसाची भीती नसते. पण दव पडतं. दिवसभर कडक वाळलेला दाणा रात्री दवाची ओल ओढून घेतो आणि आतून तडकतो. वरून तूस असतं म्हणून काहीच दिसत नाही. गिरणीत तूस निघालं की त्याच तडेवर दोन तुकडे. काकांनी मला असा एक दाणा सोलून बल्बसमोर धरून दाखवला, मधोमध केसाएवढी आडवी रेघ. तेव्हापासून मी ज्यांच्याकडून भात घेते त्या सगळ्यांना सांगितलं की संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकायचीच. कणीचं प्रमाण लगेच खाली आलं. हा सल्ला फुकट मिळालाय मला, भरडाईत धरलेला नाही.

मशीनचं म्हणाल तर फार भारी काही नाही. आधी चाळणी, मग खडे काढणारं मशीन, मग रबर रोलचा शेलर, मग पॉलिशर, शेवटी कणी वेगळी करायची चाळण. रबर रोल म्हणजे दोन रबरी रूळ शेजारी शेजारी, उलट्या दिशेने फिरतात आणि एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा जास्त असतो, मधून भात गेला की काकांच्या तळव्यांसारखंच काम होतं, तूस घासून सुटतं आणि दाणा शाबूत राहतो. जुन्या हलरमध्ये सगळं एकदमच व्हायचं, तूस निघणं आणि पॉलिश होणं एकाच लोखंडी जात्यात म्हणा ना, त्यात दाणा तुटायचा आणि तूस-कोंडा एकत्र यायचा. जुना हलर अजून कोपऱ्यात ठेवलाय त्यांनी, चालवत नाहीत. रबर झिजलं की दोन रुळांमधली फट नीट धरत नाही आणि तुसासकट भात पुढे जातो, म्हणून मुलगा अर्ध्या अर्ध्या तासाला शेलरखालून ओंजळभर काढून बघतो. मी आल्यापासून भर सिझनमध्ये दोनदा रबर बदलताना बघितलंय, रांग लागलेली असताना मशीन बंद करून. लोक ओरडत होते, याने कुणाचं ऐकलं नाही.

आणि ज्यासाठी मी या गिरणीला एवढे स्टार देतेय ते हे. एकाचा लॉट संपून दुसऱ्याचा सुरू व्हायच्या आधी मशीन रिकामं फिरवतात. एलिव्हेटरच्या, म्हणजे भात वर चढवणाऱ्या यंत्राच्या, बुडाशी आधीच्याचा भात साचलेला असतो, तिथली झडप उघडून झाडूने काढतात आणि ज्याचा त्याला देतात, दीड-दोन किलो का असेना. मग माझा सुरू झाला की पहिली पाटी वेगळी ठेवतात, ती माझ्या तांदळात मिसळत नाहीत, सांगून देतात की ही घरी खा, विकू नको. यात दहा-बारा मिनिटं जातात दर वेळी. दिवसात पंधरा-वीस लॉट धरा, म्हणजे किती तास झाले बघा. आणि तुम्हाला समोर उभं राहू देतात. बाहेर थांबा, संध्याकाळी या, असं नाही. माझ्या गावच्या एक आजी आहेत, त्या तर मशीनशेजारी बसून राहतात आपला कट्टा हलेपर्यंत, कुणी उठवत नाही त्यांना.

आकडे लिहून ठेवते मी सगळे, यंदाचा एक लॉट सांगते. ४१२ किलो इंद्रायणी भात नेला. अख्खा तांदूळ २६२ किलो, कणी १९, कोंडा ३४, बाकी तूस आणि केरकचरा. म्हणजे शंभराला साधारण चौसष्ट किलो अख्खा. पहिल्या वर्षी त्या दुसऱ्या ठिकाणी मला शंभराला अठ्ठावन्न आला होता, तोही दुसऱ्याचा. वजन काट्यावर समोर होतं, येतानाचं आणि जातानाचं. भरडाई किलोमागे ठरलेली आहे, कोंडा आणि तूस त्यांना सोडलं तर कमी पडते. मी तूस सोडते, कोंडा घेऊन येते, दादाच्या म्हशींना लागतो. तूस ते वीटभट्टीवाल्यांना देतात.

पॉलिशबद्दल थोडं बोलायचंय कारण गिऱ्हाइकं इथेच फसतात. शहरात लोकांना तांदूळ पांढरा लागतो. मलापण सुरुवातीला वाटायचं डबल पॉलिश करून घ्यावं, पिशवीत छान दिसतं. काका म्हणाले, करून देतो, माझं काय जातंय, पण ताई वास कशात असतो, चव कशात असते, ते कोंड्याबरोबर म्हशीला जाणार आणि तू पांढरं विकणार. मग त्यांनी एकाच भाताचे तीन नमुने काढून दिले, बिनपॉलिश, एक हात आणि दोन हात, म्हणाले घरी जाऊन शिजव. शिजवले. तिन्ही ताटल्या शेजारी ठेवल्यावर पोरांनी डोळे मिटून वास घेऊन बरोबर ओळखलं. तेव्हापासून मी एकच हात पॉलिश विकते, किंचित पिवळसर दिसतो, आणि पिशवीवर तसं लिहिते. ज्यांना बिनपॉलिश पाहिजे त्यांना तो देते पण ऑर्डर आल्यावरच भरडून, कारण कोंड्यात तेल असतं आणि ते लवकर खवट होतं, दोन-अडीच महिन्यांच्या पुढे मी तो कुणाला ठेवू देत नाही. शरीराला तो चांगला हे खरंच आहे, बी जीवनसत्त्वं बरीचशी त्या कोंड्याच्या थरातच असतात, पण जुना खवट खाऊ नका.

इंद्रायणीबद्दल लोक विचारतात की हा खूप जुना वाण आहे का. नाही हो, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून केलेला आहे, १९८७ मध्ये आला. वास आंबेमोहोराचा आणि उतारा चांगला, म्हणून मावळातून आमच्या पट्ट्यातही पसरला. इकडे त्याशिवाय १००८, गरी कोळपी, असे अजून बरेच वाण आहेत. गरी कोळपी आता कमी लोक लावतात पण पेजेला आणि भाकरीला त्याच्यासारखा नाही. काकांकडे एक कट्टा जरी कोळपी आणला तरी वेगळा भरडतात. मोठ्या मिलमध्ये इतका कमी माल कुणी घेतच नाही, आणि मग शेतकरी तो लावायचंच सोडतो, माझ्या डोळ्यासमोर दोन घरांनी सोडला. ज्या गावात एक कट्टा भरडणारी गिरणी बंद होते तिथे जुने वाण पण वावरातून जातात, हे मला फार मनापासून वाटतं.

आता खटकलेल्या गोष्टी. त्या पण लिहिते, नाहीतर कुणी म्हणेल ओळखीचे आहेत म्हणून कौतुक.

पहिली आणि सगळ्यात मोठी, बायकांसाठी संडास-बाथरूम नाही. डोंगरातल्या वाड्यांवरून बायका पहाटे निघून कट्टे घेऊन येतात, चार-चार पाच-पाच तास नंबर लागत नाही, आणि जायला जागा नाही. त्या पाणीच पीत नाहीत दिवसभर. माठ भरलेला असतो दारात आणि बायका त्याला हात लावत नाहीत, का ते कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. मी काकांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, कानाला हात लावले, म्हणाले करतो. अजून झालेलं नाही. सुनेने मागच्या घरातला वापरायला सांगितलंय ओळखीच्या बायकांना, पण वाडीवरची बाई दुसऱ्याच्या घरात शिरायला लाजते. मी दर वेळी विचारते आणि विचारत राहणार. याचा एक स्टार कापलाय, म्हणजे पाचातले चार.

दुसरं, धूळ. तुसाची धूळ बारीक असते आणि टोचते, अंगाला खाज सुटते, खोकला येतो. पंखा लावलाय बाहेर काढायला पण पुरत नाही. दम्याचा त्रास असेल तर आत उभं राहू नका, तोंडाला ओला रुमाल बांधून जा. मशीनवर काम करणारी पोरं नुसती टॉवेल गुंडाळून असतात, त्यांना मास्क दिले पाहिजेत.

तिसरं, काळे दाणे वेगळे करायचं सॉर्टेक्स मशीन इथे नाही. पावसात भिजलेला भात असेल तर काळे-पिवळे दाणे येतात, ते घरी निवडावे लागतात. माझ्याकडे तीन बायका येतात निवडायला, सुपाने पाखडून, त्यांना त्यातून काम मिळालंय, म्हणून मला चालतं. ज्यांना एकदम दुकानासारखा माल पाहिजे त्यांना चालणार नाही.

बिल आधी मिळायचं नाही, वहीत लिहायचे फक्त. मी धंद्याला लागतं म्हटल्यावर आता छापील पावती देतात.

पावसाळ्यात काय होतं तेही सांगते, कारण इथे राहून धंदा करायचा विचार करणारे बरेच फोन करतात मला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, इगतपुरी-कसाऱ्याजवळचा तो जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा धरून, आणि त्यानंतर लोकांना वाटायला लागलंय की मुंबई अगदी जवळ आली, डोंगरात घर घेऊ, काहीतरी छोटं सुरू करू. या ना, नक्की या. पण जुलै एकदा इथे काढून बघा आधी. आठ-आठ दहा-दहा दिवस ऊन नसतं. कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला की ओला होतो, चपलांवर बुरशी येते. मग तांदळाचं काय होणार? पहिल्या पावसाळ्यात माझे सहा कट्टे भिंतीला टेकून ठेवले होते, खालच्या थराला कुबट वास लागला आणि टोके झाले. तेव्हा शिकले. कट्टे फळ्यांवर ठेवायचे, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब, आणि मुळात पावसाळ्याचा साठा तांदूळ करून ठेवायचाच नाही, भात म्हणूनच ठेवायचा. तूस हेच त्याचं पांघरूण. लागेल तसा महिन्या-महिन्याला भरडून आणायचा. आणि इथे परत गिरणी कामाला येते, कारण पावसाळ्यात घोटीतल्या गिरण्यांना काम कमी असतं, काही जण बंदच ठेवतात, पण काका आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवतात, आधी फोन करायचा, सात-आठ जणांचा माल जमला की लावतात.

फक्त लाईटचं बघायला लागतं. घरात दिवे असतात म्हणून माणूस टेम्पो भरून निघतो आणि तिथे गेल्यावर कळतं थ्री फेज नाहीये, एक फेज गेलाय, मोटर चालणार नाही. वारा-पावसात डोंगरातल्या लायनीवर झाड पडलं की दोन-दोन दिवस जातात. म्हणून मी गिऱ्हाइकांना पावसाळ्यात तारीख देत नाही, आठवडा देते. सुरुवातीला लोक रागवायचे, आता माहिती झालंय सगळ्यांना.

माल पाठवायचा तर तांदूळ जड, कुरिअर परवडत नाही. मी कल्याण-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांचे एकत्र ऑर्डर जमवते आणि महिन्यातून एकदा टेम्पो पाठवते, तिथे एका ताईंच्या सोसायटीत उतरतो, सगळे येऊन घेऊन जातात. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणारे, शनिवार-रविवारी कळसूबाई चढून परत येणारे, असे लोकपण गाळ्यावर थांबायला लागलेत. ट्रेक करून आलेल्या पोरांना मी गरम भात, वरून तूप-मीठ असं एक वाटी देते आधी, मग पिशवी घ्यायची तर घ्या. कागदपत्रांचं म्हणाल तर फूड लायसन्सचं रजिस्ट्रेशन काढा पहिल्या दिवशी, आणि पॅक करून लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पिशव्या विकत असाल तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, तुमच्या उलाढालीला काय लागू होतं ते सीएला विचारून घ्या.

शेतकऱ्याला भाव द्या एवढं मात्र माझं सांगणं आहे. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. इंद्रायणी वासाचा आहे, त्याला मी हमीभावाच्या बऱ्याच वर देते, आणि वजन गिरणीच्या काट्यावर शेतकऱ्यासमोर होतं. आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या, वेळी दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभं राहणाऱ्या बाईला बघितलंय त्याला घासाघीस करवत नाही. मी पण केलीय आवणी, लग्नाआधी, इरलं घेऊन. पाठ संध्याकाळी सरळ होत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. कट्टे स्वतःचे न्या आणि त्यावर मार्करने नाव घाला, तोंडाला एकाच रंगाची सुतळी बांधा. डिसेंबर आणि जानेवारीचे पहिले पंधरा दिवस टाळता आले तर टाळा, नंबर दोन-तीन दिवसांवर जातो. आठवडे बाजाराच्या दिवशी पेठेत गाडी शिरत नाही, त्या दिवशी नकोच. सकाळी लवकर गेलात तर मशीन थंड असतं आणि कणी कमी पडते असं काकांचं म्हणणं, मला मोजून तेवढा फरक दिसला नाही पण सकाळी गर्दी कमी असते हे नक्की. नवीन भात लगेच भरडलात तर तो तांदूळ पाणी कमी ओढतो, वाटीला पावणेदोन वाटीच घाला, नाहीतर गिचका होतो आणि लोक तांदळाला नावं ठेवतात. कण्या टाकून देऊ नका, घेऊन या, आंबील आणि घावन दोन्ही छान होतात.

आणि डोंबिवलीच्या त्या मावशी, त्यांना मी या गिरणीतला पहिला लॉट स्वतः नेऊन दिला होता, पैसे घेतले नाहीत. त्यांनी माझ्यासमोरच कुकर न लावता पातेल्यात भात टाकला, झाकण काढलं, आणि काही बोलल्याच नाहीत, नुसत्या मान हलवून हसल्या. तेव्हापासून महिन्याला दहा किलो त्यांचे ठरलेले आहेत.

दादाचा शेवटचा ट्रॅक्टर येत्या रविवारी येतोय, अकरा कट्टे, त्यात दोन गरी कोळपी. आज संध्याकाळी जाऊन नंबर लावून आले. काकांनी वहीत नाव लिहिलं आणि विचारलं, रात्री ताडपत्री टाकतोय ना तुझा भाऊ? म्हटलं टाकतोय. आणि मी बाथरूमचं विचारलं. म्हणाले, विटा येऊन पडल्यात ताई, मागे जाऊन बघ. बघितल्या, आहेत. बांधून झालं की पाचवा स्टार देईन.